घुमटाच्या आड न येता

प्रश्न : सिटी ऑफ लंडनचे नगररचना अधिकारी पीटर रीस यांनी १९८५ ते २०१४ या काळात त्या प्राचीन शहराची क्षितिजरेषा बदलून टाकली, असे वाचनात येते. परंतु आराखडा वास्तुरचनाकार काढतो, पैसा विकसक घालतो आणि परवानगी समिती देते. मग पगारी अधिकाऱ्याच्या हाती नेमके काय उरते?
– वास्तुकलेची एक विद्यार्थिनी

उत्तर : कागदावर पाहिले तर आपली शंका बरोबर आहे. रीस यांनी एकही मनोरा स्वतः रेखाटला नाही आणि एकाही परवानगीवर अंतिम निर्णय त्यांचा नव्हता. अधिकारी अहवाल देतो, निवडून आलेल्या सदस्यांची समिती निर्णय घेते आणि मोठ्या वादात केंद्र सरकारचा मंत्री चौकशी लावून प्रकरण स्वतःकडे घेऊ शकतो. २००० पासून लंडनच्या महापौरांनाही मोठ्या प्रकल्पांत हस्तक्षेप करता येतो. तरीही जवळजवळ तीन दशके एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला एक सत्ता आपोआप मिळते. विकसक येतात आणि जातात, समितीचे सदस्य बदलतात, मात्र अर्ज दाखल होण्याच्या कितीतरी आधी ज्याच्याशी चर्चा करावी लागते तो माणूस तोच असतो. आराखड्याची उंची, त्याची जागा आणि तळमजल्यावर लोकांसाठी मोकळी सोडायची जमीन यांविषयीची खरी घासाघीस या चर्चेतच होते, आणि समितीपुढे येईपर्यंत प्रस्तावाचा बराचसा आकार ठरून गेलेला असतो.

रीस यांच्या कारकिर्दीचा गाभा मला असा दिसतो की, इमारत किती उंच असावी यापेक्षा ती कुठे उभी राहावी, या प्रश्नाला त्यांनी अग्रक्रम दिला. सिटी म्हणजे अवघे लंडन नव्हे. ते जेमतेम तीन चौरस किलोमीटरचे, रोमन काळापासून वसलेले आर्थिक केंद्र आहे आणि त्याच्या पश्चिम भागात सेंट पॉल्स कॅथीड्रल उभे आहे. क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेले हे १११ मीटर उंचीचे कॅथीड्रल सुमारे अडीच शतके लंडनमधील सर्वांत उंच वास्तू होते. १८९४ च्या इमारत कायद्याने नव्या इमारतींना सामान्यतः ८० फुटांची मर्यादा घातलेली होती. ती असतानाही १९३० च्या दशकात काही इमारतींनी थेम्स नदीकडून दिसणारे कॅथीड्रल झाकण्यास सुरुवात केली, तेव्हा कॅथीड्रलचे स्थापत्य-निरीक्षक गॉडफ्री ॲलन यांनी परिसरातील प्रत्येक जागेसाठी कमाल उंची मोजून दिली. ‘सेंट पॉल्स हाइट्स’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १९३८ च्या सुमारास अमलात आली आणि आजही पाळली जाते. तिच्याखेरीज दूरवरच्या दृष्टिरेषाही संरक्षित आहेत. त्यांपैकी एक सुमारे १६ किलोमीटरवरच्या रिचमंड पार्कमधील टेकाडावरून निघते, आणि तेथे कुंपणाच्या झुडपांत मुद्दाम राखलेल्या फटीतून कॅथीड्रलचा घुमट दिसतो.

या सर्व रेषा नकाशावर आखल्या की मनोऱ्यांसाठी फारशी जागा उरत नाही. उरते ती प्रामुख्याने पूर्वेकडे, बिशप्सगेट आणि लेडनहॉल स्ट्रीटच्या आसपास. तेथे १९८० मध्ये पूर्ण झालेला नॅटवेस्ट बँकेचा १८३ मीटरचा मनोरा आधीच उभा होता. मनोरे शहरभर विखुरण्याऐवजी तेथेच एकमेकांना खेटून उभे करावेत, म्हणजे दुरून त्यांचा एकच डोंगर दिसेल आणि घुमटाभोवतीचे आकाश मोकळे राहील, या धोरणाचा रीस यांनी पाठपुरावा केला. आज हे उघड वाटते; त्या काळी तसे नव्हते. ते रुजू झाले तेव्हा सिटीचा नवा विकास आराखडा जुन्या वास्तूंच्या जतनाकडे झुकलेला होता. मात्र ऑक्टोबर १९८६ मध्ये शेअर बाजारावरील निर्बंध उठले, बँकांना प्रशस्त मजले हवेसे झाले आणि काही किलोमीटरवर कॅनरी व्हार्फ हे स्पर्धक केंद्र उभे राहू लागले. जागा दिली नाही तर धंदाच निघून जाईल, या धास्तीने आराखडा बदलण्यात आला. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : सिटीच्या निवडणुकीत रहिवाशांबरोबरच तेथील व्यवसायांनाही मतदानाचा अधिकार आहे. त्यामुळे रीस ज्या समितीला सल्ला देत होते, तिचा कौल बांधकामाच्या बाजूने पडण्याची शक्यता मुळातच अधिक होती. त्यांच्या यशाचे मोजमाप करताना हा भाग विसरता कामा नये.

प्रश्न : तेथील मनोऱ्यांचे आकार इतके विचित्र का? त्यांना लोक काकडी, किसणी अशी नावे ठेवतात म्हणे!

उत्तर : विचित्रपणात हौस आहेच, पण कारणेही आहेत. लेडनहॉल इमारत, म्हणजे आपण म्हणता ती किसणी, सुमारे २२५ मीटर उंच आहे आणि तिची दक्षिण बाजू उतरती आहे. फ्लीट स्ट्रीटवरून कॅथीड्रलकडे पाहताना सरळ उभी भिंत घुमटाला खेटून दिसली असती. उतारामुळे ती मागे सरते. वास्तुरचनाकार रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने दृष्टिरेषेच्या बंधनातूनच हा आकार घडवला, आणि तळाशी सुमारे सात मजले उंचीची जागा लोकांसाठी खुली सोडली.

काकडीची, म्हणजे ३० सेंट मेरी ॲक्स या इमारतीची, गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १० एप्रिल १९९२ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बस्फोटात त्या जागेवरील बाल्टिक एक्स्चेंज या जहाजवाहतुकीच्या बाजाराची जुनी इमारत उद्ध्वस्त झाली आणि तिघांचा बळी गेला. वारसा जपणाऱ्या यंत्रणेने आरंभी तिचा दर्शनी भाग वाचवण्याचा आग्रह धरला होता. पुढे नुकसान फारच गंभीर असल्याचे दिसून आल्यावर पुनर्बांधणीची अट सुटली. (तिचे निखळलेले दगड पुढे विकले गेले आणि थेट एस्टोनियातील टॅलिनला पोहोचले.) या जागेसाठी वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने आधी ३८६ मीटरचा मनोरा सुचवला होता. तो मागे पडला आणि २००० मध्ये १८० मीटरच्या गोल इमारतीला परवानगी मिळाली. चौकोनी मनोऱ्यावर आदळलेला वारा सरळ खाली उतरून पादचाऱ्यांना झोडपतो, तर गोलाकार भिंतीभोवती तो बराचसा वळून निघून जातो. नंतर शहराचे प्रतीक ठरलेली ही इमारत प्रथमच्या मागणीच्या निम्म्याहूनही कमी उंचीची आहे, हे मला फार बोलके वाटते.

जाता जाता एक दुरुस्ती करतो. ३१० मीटरचा ‘शार्ड’ हा मनोरा अनेक जण रीस यांच्या खात्यावर टाकतात. तो नदीच्या दक्षिणेला, सिटीबाहेर, साउथवर्क या वेगळ्या पालिकेच्या हद्दीत आहे.

प्रश्न : त्यांच्या हातून चुका झाल्याच नाहीत का?

उत्तर : झाल्या. माझ्या मते सर्वांत मोठी चूक म्हणजे २० फेन्चर्च स्ट्रीट, अर्थात ‘वॉकी टॉकी’. ही इमारत मनोऱ्यांच्या पुंजक्याबाहेर, नदीच्या बाजूला एकटीच उभी आहे आणि वर जाताना रुंदावत गेल्यामुळे १६० मीटरची असूनही पुष्कळ बोजड दिसते. ज्या तत्त्वासाठी रीस आयुष्यभर भांडले, त्यालाच तिने छेद दिला. वारसा संस्थांनी विरोध केला आणि सार्वजनिक चौकशीही झाली, तरी २००७ मध्ये मंत्र्यांनी मंजुरी दिली. माथ्यावर लोकांसाठी विनामूल्य उद्यान असेल, हा युक्तिवाद तेव्हा वजनदार ठरला. २०१३ च्या उन्हाळ्यात तिच्या अंतर्वक्र काचांनी सूर्यकिरण एकवटून खालच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळवले आणि मग बाहेरून उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. काचांचा दोष आराखड्याचा म्हणता येईल, परंतु जागेच्या निवडीचा दोष परवानगीची शिफारस करणाऱ्यांवरच येतो.

निवृत्तीनंतर रीस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले आणि गुंतवणुकीसाठी विकत घेऊन रिकाम्या ठेवल्या जाणाऱ्या निवासी मनोऱ्यांवर कडाडून टीका करू लागले. ते आपल्याच कामावर उलटले, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही, कारण आपल्या काळात त्यांनी सिटीत घरांपेक्षा कार्यालयांनाच प्राधान्य दिले होते. माणसे गल्लीबोळांत आणि पबमध्ये एकमेकांना भेटतात, कुजबुजतात आणि त्यातून व्यवहार जुळतात, ही त्यांची धारणा होती, आणि अंधारे फ्लॅट या भेटीगाठींना काहीच देत नाहीत.

प्रश्न : लवकरच लंडनला जाण्याचा योग आहे. हे सारे पायी फिरून पाहता येईल का?

उत्तर : अवश्य, मात्र कामाचा दिवस निवडा, शनिवार-रविवारी हा भाग ओस पडतो. वॉटर्लू पुलावर उभे राहिल्यास डावीकडे घुमट आणि उजवीकडे मनोऱ्यांचा पुंजका एकाच नजरेत दिसतो. तेथून फ्लीट स्ट्रीटने कॅथीड्रलच्या दिशेने चालत जा आणि किसणीचा उतार कुठे दिसतो व कुठे लपतो ते पाहा. पुढे कॉर्नहिलच्या अरुंद बोळांतून लेडनहॉलच्या जुन्या छपराच्या बाजारात शिरावे आणि मग काकडीच्या पायथ्याशी असलेले सेंट अँड्र्यू अंडरशाफ्टचे जुने चर्च गाठावे. वॉकी टॉकीच्या माथ्यावरील उद्यानात जायचे असल्यास आधी नोंदणी करून ठेवलेली बरी.