कमांडो, विशेष दल आणि कृती दल

प्रश्न असा आहे: ‘दहशतवादाविरोधात कमांडो दलांचा विस्तार’ अशा बातम्या येतात. पॅरा, ब्लॅक कॅट, फोर्स वन या सगळ्यांना कमांडो म्हणायचं का, आणि ‘विशेष दल’ म्हणजे काय?

जवानाला कमांडो म्हणायला काहीच हरकत नाही. दलाचं नाव मात्र नेमकं लिहावं.

कमांडो मुळात माणूस नव्हता, तुकडी होती. पोर्तुगीज मुळाचा हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बोलीत रुजला. त्यांच्या घोडेस्वार तुकड्यांनी १८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांना जेरीस आणलं. पुढे १९४० मध्ये ब्रिटनने छापे घालायला खास तुकड्या उभारल्या, तेव्हा तेच नाव उचललं. तुकडीवरून ते तिच्यातल्या सैनिकाला चिकटलं आणि मराठीत आलं ते याच अर्थाने.

‘विशेष दल’ ही लष्करी संज्ञा आहे. शत्रूच्या मुलखात खोलवर शिरून कामगिरी करणारी दलं, म्हणजे भूदलाच्या पॅरा एसएफ (स्पेशल फोर्सेस) बटालियन, नौदलाचे मार्कोस, हवाई दलाचे गरुड.

खरा गोंधळ एनएसजीचा (नॅशनल सिक्युरिटी गार्ड), म्हणजे ब्लॅक कॅटचा. १९८४ मध्ये ते उभारायचं ठरलं, १९८६ मध्ये त्याचा कायदा झाला. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, पण त्याच्या विशेष कृती गटातले जवान लष्करातून प्रतिनियुक्तीवर येतात. मेजर संदीप उन्नीकृष्णन लष्करी अधिकारी होते आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये एनएसजीच्या तुकडीचं नेतृत्व करताना हुतात्मा झाले. त्यांच्याबद्दल लिहिताना या दोन्ही गोष्टी यायलाच हव्यात.

त्या वेळी एनएसजीला दिल्लीहून विमानाने यावं लागलं आणि मोलाचे तास गेले. म्हणून २००९ मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद इथे त्यांची केंद्रं झाली. महाराष्ट्राने फोर्स वन उभारलं, ते पोलिसांचं. गडचिरोलीतलं सी-६० पथकही पोलिसांचंच, पण ते १९९० पासूनचं, नक्षलवाद्यांशी लढणारं, जंगल आणि तिथली बोली जाणणाऱ्या स्थानिक तरुणांचं. या सगळ्यांना ‘कमांडो दल’ म्हटलं की विस्तार लष्कराचा झाला, केंद्राचा की राज्य पोलिसांचा, हेच वाचकाला कळत नाही. हुकूम कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हे त्यावरच ठरतं.

‘कृती दल’ तर आणखी सैल. ‘शीघ्र कृती दल’ दंगली आवरणाऱ्या रॅपिड ॲक्शन फोर्सलाही म्हणतात आणि पोलिसांच्या क्यूआरटीलाही (क्विक रिस्पॉन्स टीम). करोनाच्या काळात राज्याचं कृती दल डॉक्टरांचं होतं!

विचारलंच आहे म्हणून अनेकवचनाचंही सांगतो. ‘कमांडोज’ नको. एक कमांडो, दहा कमांडो; कमांडोने, कमांडोंनी. ‘फोटो’सारखंच चालवायचं.