डबल मेजर करायचं का? आधी दोन्ही विषयांचं शेवटचं वर्ष बघून ये

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की बायोलॉजी घेतलंय, पहिलं वर्ष संपत आलंय, मध्ये इतिहासाचे कोर्स केले ते भयंकर आवडले, आता दोन्हीत मेजर करायचं, म्हणजे एकाच पदवीत दोन्ही मुख्य विषय घ्यायचे, असं मनात आहे पण घरचे म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या. मी स्वतः फिजिक्स आणि फिलॉसॉफी असं डबल मेजर केलंय आणि नंतर बरीच वर्षं मुलांना कोर्स निवडायला मदत करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक जण स्वतःला एवढंच विचारतात की मला दोन्ही विषय आवडतात का. अरे आवडतात म्हणूनच तर हा प्रश्न पडला ना! खरं विचारायचं ते हे की मला दोन्ही विषयांचं शेवटचं वर्ष करायचंय का. पहिल्या वर्षाचा इतिहास म्हणजे मोठमोठे कालखंड, चांगले शिक्षक मिळाले तर ऐकतच राहावंसं वाटतं. शेवटच्या वर्षाचा इतिहास वेगळा असतो, तिथे एकच बारीकसा प्रश्न घेऊन त्यावर आधी कोणी काय लिहिलं, कोणाचं कोणाशी का पटलं नाही, मूळ कागदपत्रं काय सांगतात आणि काय लपवतात, हे महिनोन्‌महिने करायचं आणि मग त्यावर लांबलचक प्रबंध लिहायचा. बायोलॉजीचंही तसंच, पेशीची सुंदर चित्रं मागे पडतात आणि तोच प्रयोग तिसऱ्यांदा का फसला ते शोधत बसावं लागतं. तेव्हा एक कर, इतिहासाच्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या सेमिनारची (म्हणजे मोजक्या मुलांच्या, चर्चेवर चालणाऱ्या कोर्सची) वाचनयादी मिळव, त्यातला एक लेख तळटीपांसकट पूर्ण वाच. वाचून आणखी चार वाचावेसे वाटले तर मेजरचा विचार कर. पण ‘मला तो काळ आवडतो, हे वाद नकोत’ असं वाटलं तर मायनर, म्हणजे कमी कोर्सचा दुय्यम विषय म्हणून घे आणि खुशाल आवडते कोर्स कर, त्यात कमीपणा अजिबात नाही.

आता वेळापत्रक. हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा रेंगाळतो. सायन्सचे कोर्स साखळीने येतात, जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिक झाल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री नाही, आणि यातला एखादा कोर्स वर्षातून एकदाच असतो म्हणजे एक हुकला की पुढचं सगळं वर्षभर लांबतं. इतिहासात अशी साखळी फारशी नसते, मधले कोर्स बरेचसे मागेपुढे करता येतात, पण तिथे रिसर्च मेथडचा कोर्स आणि शेवटचा सेमिनार या दोन जागी हमखास अडकायला होतं कारण सीट कमी असतात. आणि लॅब! लॅबला क्रेडिट (पदवीसाठी कोर्सचे जे गुणांक जमवायचे असतात ते) एखादंच पण अख्खी दुपार जाते, तीन-तीन चार-चार तास, आणि सेमिनारही नेमके दुपारीच ठेवलेले असतात. म्हणून एका मोठ्या कागदावर आठ सेमिस्टरचे आठ रकाने आख, दोन्हीकडचे सक्तीचे कोर्स पेन्सिलीने भर, कशाआधी काय लागतं त्याचे बाण काढ आणि लॅबच्या दुपारी वेगळ्या रंगात दाखव. हा कागद भरल्यावर एकही रकाना मोकळा उरला नाही तर सावध हो, कारण आजारपण, नापास होणं, मधेच एखादी चांगली इंटर्नशिप मिळणं याला जागाच नाही.

क्रेडिटचा हिशोब बहुतेक वेळा बसतो. चार वर्षांची, साधारण 120 क्रेडिटची डिग्री असेल तर दोन मेजर मावतात, शिवाय सायन्सवाल्यांनाही ह्युमॅनिटीजचे काही कोर्स सक्तीचे असतील तर इतिहासाचे कोर्स त्यात मोजले जाऊ शकतात. (फक्त एकच कोर्स दोनदा मोजू देतात का ते विभागाला विचार, आणि डबल मेजर म्हणजे एकच डिग्री, दोन डिग्र्यांचा ड्युअल प्रोग्राम वेगळा, त्याला क्रेडिट जास्त लागतात.) पण यात जातं काय तर तुझे इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या मर्जीने निवडायचे कोर्स. बायोलॉजीत पुढे जायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग आणि एखाद्या लॅबमध्ये सलग काढलेला वेळ या तीन गोष्टी मला दुसऱ्या मेजरपेक्षा मोलाच्या वाटतात. त्या सांभाळून इतिहास बसत असेल तर जरूर कर, त्या सोडून नको.

नोकरीसाठी म्हणून करू नकोस. नुसतं दुसरं मेजर आहे म्हणून जास्त पगार मिळेलच असं नाही आणि पीएचडीच्या प्रवेशाला मुख्यतः रिसर्च आणि शिफारसपत्रं बघतात. जोडीचा उपयोग तिथेच होतो जिथे दोन्ही खरंच लागतात, म्हणजे रोगांचा इतिहास, पर्यावरणाचा इतिहास, म्युझियममधले प्राण्या-वनस्पतींचे संग्रह, विज्ञान पत्रकारिता वगैरे.

आणि आत्ता सोडला म्हणजे विषय कायमचा सुटला असं मानू नकोस. हॅरॉल्ड व्हार्मस यांनी कॉलेजात इंग्रजी साहित्य केलं, एमएही त्यातच, मग मेडिकलला गेले आणि 1989 मध्ये कॅन्सरच्या जनुकांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. उलट कॅथरीन जॉन्सन 1937 मध्ये गणित आणि फ्रेंच दोन्ही घेऊन पदवीधर झाल्या आणि पुढे नासात अंतराळयानांच्या मार्गांची गणितं केली. दोन्ही वाटा आहेत.

मी तुझ्या जागी असतो तर दुसऱ्या वर्षी सायन्सची साखळी न तोडता दर सेमिस्टरला इतिहासाचा एकच कोर्स घेतला असता, त्यातला एक मुद्दाम रिसर्च मेथडचा, कारण सगळ्यात रुक्ष तोच वाटतो आणि तो आवडला तर बाकीचं निभतं. दुसरं वर्ष संपताना ठरव, तोवर झालेले कोर्स मायनरला चालतात, वाया जात नाहीत. फक्त पुढची नोंदणी सुरू व्हायच्या आत इतिहास विभागात जाऊन विचारून ये की तो मेथडचा कोर्स दरवर्षी असतो का वर्षाआड, वर्षाआड असेल तर याच वर्षी घ्यावा लागेल.