पंचनाम्यावरची सही

प्रश्न : आदरणीय बाई, प्रभूमध्ये सलाम. मी एका नगरपालिकेत कारकून आहे. गेल्या महिन्यात एका जुन्या वस्तीतली 22 घरं पाडायचा हुकूम आला. 'नोटीस बजावली, घेण्यास नकार दिला, म्हणून दारावर चिकटवली' असा पंचनामा टाईप करून माझ्यापुढे सहीला ठेवला. प्रत्यक्षात एकाही दारावर कागद लागलेला नाही. मी रोज त्याच गल्लीतून जातो. सही अजून केलेली नाही, आजारपणाची रजा टाकली आहे. आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाच. अधिकारी देवाने नेमलेले असतात, आणि आपण मूठभर माणसं, डोकं वर काढू नये. बायको म्हणते, पोरांच्या फीचं बघा. ख्रिस्ती माणसाने अन्यायी सरकारचं ऐकावं का?
– एक वाचक

उत्तर : दादा, सलाम. पाळकसाहेबांनी तुम्हाला सांगितलेला अध्याय मलाही एकदा सांगितला गेला होता. ते आधी ऐका.

1976 साल. मी चोवीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून दोन वर्षं झालेली. आणीबाणी चालू होती आणि आम्हा मास्तर-मास्तरणींना नसबंदीच्या 'केसेस' आणायचा कोटा होता. माझ्या वाट्याला दोन. केस नाही तर पगार नाही, असं सांगितलेलं. तेही तोंडी, कागदावर कसं असेल? माझे वडील पाळक. त्यांनी चष्मा पुसला, रोम 13 काढलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं आणि मला हलकं वाटलं. इतक्या वर्षांनी मला टोचतं ते हे हलकं वाटणं.

पहिली केस सरळ होती, चार लेकरांचा बाप, स्वतःहून तयार. दुसरा एक सालगडी. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली. फॉर्म मी भरला. वय लिहिलं 38, आणि पुढे 'पत्नी हयात'. शाईचं पॅड वाळलं होतं, म्हणून त्याचा अंगठा मीच धरून दोनदा दाबला. नखात शेतातली काळी माती होती, ती कागदावरही थोडी उतरली. त्या महिन्याचा पगार झाला. पुढे कितीतरी वर्षं तो माणूस आठवड्याच्या बाजारात दिसायचा आणि दर वेळी आधी तोच हात जोडायचा, "बाई, बरंय ना?"

त्या एका वर्षात देशभरात 80 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, हे नंतर आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात आलं. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच मंजूर करून दिल्लीला धाडला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो लागू झाला नाही. एवढा मोठा कायदा एका सहीवाचून अडला, आणि माझ्या फॉर्मवरची सही मात्र अडली नाही.

आता तेरावा अध्याय. प्रेषित पौलाने हे पत्र साधारण सन 57 च्या सुमारास लिहिलं, तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध झालेला सम्राट. म्हणजे पौलाला सरकार काय चीज असते ते ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पण आपल्या मराठी शास्त्रात शब्द नीट बघा. इफिसकरांस पत्रात मुलांना सांगितलंय, आईबापांच्या 'आज्ञेत राहा'. सरकारच्या बाबतीत शब्द आहे 'अधीन'. मूळ ग्रीकमध्येही हे दोन वेगळे शब्द आहेत. चौथ्या ओवीत अधिकाऱ्याला 'देवाचा सेवक' म्हटलंय, आणि कशासाठी, तर तुझ्या हितासाठी. सेवक म्हटलं की त्याच्यावर मालक आला. आमच्या मंडळ्यांमध्ये पहिली ओवी घोकतात आणि चौथी गिळतात.

'अधीन' म्हणजे काय, ते पौलाने फिलिप्पै गावात करून दाखवलंय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीविना भर चौकात छड्यांनी मारलं, खोड्यात अडकवलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या त्यांना. आपल्यापैकी कुणीही पिशवी उचलून पळालं असतं. पौल बसून राहिला. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता होय? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि साहेब लोक आले, विनवण्या करत आले! पौल तुरुंग फोडून पळाला नाही, साहेबाच्या अंगावर धावला नाही. पण झालं ते बेकायदा झालं हे तोंडावर सांगितल्याशिवाय जागचा हलला नाही. अधीनता ती ही. उद्या पाळकसाहेब भेटले तर त्यांना हा सोळावा अध्याय वाचायला सांगा, माझं नाव सांगून सांगा.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींचीही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. इब्री बायकांना मुलगा झाला तर मारा, हा फारोचा हुकूम. त्यांनी मारले नाहीत. जाब विचारला तर म्हणाल्या, इब्री बायका दणकट, आम्ही पोचेपर्यंत त्या मोकळ्या झालेल्या असतात. इथे माझी जरा पंचाईत होते, कारण मी तुम्हाला खोटी सही करू नका म्हणणार आणि या दोघी तर चक्क खोटं बोलल्या! वर देवाने त्यांचं भलं केलं. मी शाळेत असताना एका मुलीने मला यावर कोंडीत पकडलं होतं आणि मी तिला 'पुढच्या तासाला सांगते' म्हणाले होते. आज सांगते: त्यांच्या खोट्याने पोरं वाचली. तुमच्याकडे मागतायत ते खोटं 22 घरांवर पडणार आहे.

'आपण मूठभर, डोकं वर काढू नये' याला मात्र माझा सरळ विरोध आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्राला पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं. सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, त्यांना मदत येणार ती ख्रिस्ती देशांतून. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टना इन्कार करावा लागला. बाई एकट्या होत्या, मूठभरसुद्धा नव्हत्या.

पण तुमच्या पत्रातलं खरं वाक्य मला वाटतं बायकोचं आहे. तिच्यासाठी ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्याची हकिकत सांगते. फ्रांट्स येगरश्टेटर, जन्म 1907, गाव सांक्ट राडेगुंड. ते कॅथलिक, मी नगरकडची प्रोटेस्टंट, पण देवळाची झाडलोट, घंटा बघणारा हा माणूस मला आमच्याच मंडळीतला वाटतो. तरुणपणी वांड होता. गावात पहिली मोटारसायकल त्याची. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि वर लोकांचं मत घेतलं, तेव्हा गावात 'नाही' म्हणणारा तो एकटा. पुढे युद्धाचं बोलावणं येणार हे दिसत होतं. तो लिंत्सच्या बिशपांना जाऊन भेटला. बिशप म्हणाले, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुझं काम नाही, तुला बायकापोरं आहेत. तुमचे पाळकसाहेब आणि ते बिशप, दोघांचा सूर किती जुळतो बघा. वाईट माणसं नव्हेत हो. भ्यालेली माणसं.

फ्रांट्स 1943 च्या मार्चमध्ये छावणीवर हजर झाला आणि समोर उभं राहून म्हणाला, मी लढणार नाही. जखमींची शुश्रूषा करायला तयार होता, ते त्यांनी मानलं नाही. पळाला नाही, जंगलात लपला नाही. त्याच वर्षी 9 ऑगस्टला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचं डोकं उडवलं.

फ्रांत्सिस्का, त्याची बायको, आधी त्याला समजावत होती. सगळं गाव समजावत होतं, तीही त्यांतलीच एक. मग तिच्या ध्यानात आलं की आपणही विरुद्ध गेलो तर या माणसाला कुणीच उरणार नाही, आणि ती थांबली. जुलैमध्ये बर्लिनला जाऊन त्याला शेवटचं भेटून आली. मागे तीन मुली, गुरं, शेत, आणि 'तुझ्यामुळेच तो असा झाला' म्हणणारे शेजारी. युद्धविधवेचं पेन्शन तिला 1950 पर्यंत नाकारलं. 2007 मध्ये लिंत्सच्या कॅथीड्रलमध्ये फ्रांट्सला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं, तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची, समोर बसलेली होती. 2013 मध्ये शंभरी पूर्ण करून गेली. चर्चने मान दिला तो फ्रांट्सला. दूध काढत, वैरण ओढत सत्तर वर्षं किंमत चुकवली तिने.

म्हणून आधी हे करा: बायकोला नीट बसवून सगळं सांगा. पंचनाम्यात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द. 'ऑफिसचं टेन्शन' एवढ्यावर भागवू नका. तिची संमती लगेच मिळेल असं नाही. फ्रांत्सिस्कालाही वेळ लागला.

मग रजा संपवून कामावर जा. आजारपणाच्या रजेत लपणं मला पटत नाही, ती ना धड अधीनता ना धड नकार. साहेबांना लेखी द्या: अमुक तारखेला मी स्वतः पाहणी केली, नोटीस कोणत्याही दारावर आढळली नाही, म्हणून या मजकुरावर सही करू शकत नाही, नोटीस रीतसर बजावल्यास पुढचं काम करायला तयार आहे. हे शेवटचं वाक्य गाळू नका. अर्ज आवकमध्ये नोंदवा, पोच घ्या, पोचेची प्रत घरी ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवूनही, बंधनकारक केली आहे, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई घ्यायचंही म्हटलंय. रस्ता, फुटपाथ, नदीकाठ अशा जागा त्यातून वगळल्या आहेत, तेव्हा तुमची वस्ती कशात बसते ते एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. निकाल लागू झाला नाही, तरी न चिकटवलेला कागद चिकटवला म्हणणं खोटंच राहतं.

बदली होईल. कदाचित चौकशी लागेल. होणार नाही असं मी सांगणार नाही. आणि दुसरा कुणी सही करील, घरं पडतीलही. त्या सालगड्याची केस मी नसती आणली तर शेजारच्या गावच्या मास्तरांनी आणली असती, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. पण त्या फॉर्मवरचं 38 माझ्याच अक्षरात आहे.

तुमचं गाव आणि हुद्दा पत्रात होता, तो मी संपादकांना छापू दिला नाही. काय झालं ते दोन ओळी टाकून कळवा.

प्रश्न : बाई, आमची ग्रामपंचायत भ्रष्ट आहे. रस्त्यावरचा दिवा सहा महिने बंद. अन्यायी सत्तेला विरोध म्हणून मी तीन वर्षं घरपट्टी भरलेली नाही. हे शास्त्राला धरून आहे ना?
– एक वाचक

उत्तर : नाही. त्याच तेराव्या अध्यायात सहावी-सातवी ओवी करांचीच आहे, ज्याला कर द्यायचा त्याला द्या. आणि तेव्हा समोर नीरो होता, तुमचा सरपंच नव्हे. तीन वर्षांची बाकी भरा आणि दिव्यासाठी अर्ज करा. घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडा.