प्रोबायोटिकच्या आधी डब्याची वेळ बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत अमेरिकन शिफ्ट, दिवसा जेमतेम पाच तास झोप, वजन बेताचं, तरी उपाशीपोटी साखर १०९ आली. जागरणाने पोटातले चांगले जिवाणू मरतात असं कुणीतरी सांगितलं, तर महागड्या प्रोबायोटिक (म्हणजे चांगले जिवाणू भरलेल्या) कॅप्सूल सुरू कराव्यात का?

माझं मत, त्यावर पैसे घालवू नका.

जागरणाने साखर बिघडते हे खरंच आहे, पण त्यासाठी जिवाणूंना साक्षीला बोलवावं लागत नाही. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं. रक्तातली साखर उतरण्याचा वेग साधारण ४० टक्क्यांनी मंदावला. पुढे हॉलंडमधल्या प्रयोगात तर एकाच अपुऱ्या रात्रीनंतर इन्शुलिनचा प्रभाव कमी झालेला दिसला.

जिवाणूंचा पुरावा त्यामानाने लंगडा आहे. स्वीडनमध्ये उप्सालाला ९ पुरुषांवर २०१६ साली प्रयोग झाला. दोन रात्री चार-सव्वाचार तास झोप. काही जिवाणूगटांचं प्रमाण थोडं सरकलं, विविधता होती तेवढीच राहिली. इन्शुलिनचं काम मात्र तेवढ्यात ढिलं पडलं. पुढच्याच वर्षीच्या एका अमेरिकन अभ्यासात उंदरांत आणि माणसांत ठळक फरक आढळलाच नाही. तेव्हा 'मरतात' वगैरे सोडून द्या.

पण एक गोष्ट खरोखर कामाची आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१४ साली दाखवलं की उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंचंही दिवसरात्रीचं चक्र असतं. त्यांना उजेड कुठून दिसणार? त्यांना वेळ कळते ती अन्न कधी येतं त्यावरून. शरीराचं घड्याळच बिघडवलेल्या उंदरांत हे चक्र मोडलं होतं. त्यांना ठरावीक वेळीच खायला दिल्यावर ते पुन्हा सुरू झालं. अमेरिकेहून इस्राएलला आलेल्या दोन प्रवाशांचं जेटलॅगमधलं मलही त्यांनी जिवाणूविरहित उंदरांना देऊन पाहिलं, तर ते उंदीर जास्त जाडावले. (माणसं दोनच होती, हे लक्षात ठेवा.)

म्हणून माझा भर जेवणाच्या वेळेवर. बॉस्टनमध्ये २०२१ साली १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची नाही. रात्री मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन, चढलेलं असतं, तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन सोडताना हात आखडता घेतं. अशा वेळी, रात्री एक वाजता कॅन्टीनची बिर्याणी!

पोटभर जेवण निघण्याआधी, संध्याकाळी सात-साडेसातला करा. रात्री बिनसाखरेचा चहा, फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे. चहाही पहाटे नको, नाहीतर घरी जाऊन टक्क जागे राहाल. सकाळी हलकं काहीतरी खाऊन जाड पडदे ओढा आणि झोपा. पाचाचे साडेसहा तास झाले तरी पुष्कळ. दही जरूर खा, आवडतं म्हणून. त्याने झोप भरून निघत नाही. साखरेवर औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवू नका.

आता तो १०९चा आकडा. शंभर ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, पण शिफ्ट संपवून थेट लॅबमध्ये रक्त दिलंत का? रात्री काही खाल्लं असेल तर ते 'उपाशीपोटी' कसलं! डॉक्टरांना विचारून एचबीए१सी करा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ आलं तर पूर्वपायरी नक्की समजा. हिमोग्लोबिनही सोबत बघा, कारण ॲनिमिया असला तर हा आकडा फसवतो.

आणि घरच्यांना विचारा, झोपेत जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. उत्तर हो असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. तो असेल तर नुसते तास वाढवून भागणार नाही.