आधी दम कमव, वेग मागून येईल
बाबू, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात डोंगा वल्हवून तुझे दंड भरले, हे चांगलंच झालं. पण रोइंगमध्ये, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींच्या खेळात, मोठा जोर पायांतून येतो, मग पाठ, हात शेवटी. शर्यत २००० मीटरची, साधारण सहा ते आठ मिनिटांची. तिची बहुतेक ऊर्जा प्राणवायूवर तयार होते. म्हणून जगातले अव्वल खेळाडूही बराचसा सराव बोलता येईल इतक्या संथ गतीनं करतात, आणि हेच आपल्या पोट्ट्यांना पटत नाही. रोज धाप लागेपर्यंत वल्हवू नको. कंबर आणि बरगड्या ही या खेळातली नाजूक ठिकाणं. सततच्या ताणानं बरगडीला बारीक चीर पडते. दुखलं की त्याच दिवशी थांब, डॉक्टरांना दाखव.

ब्रिटनचा रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्हनं १९८४ ते २००० सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. आपला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. तुला उशीर झालेला नाही.

मे महिन्यात पहाटेच उतर, ऊन चढायच्या आत बाहेर ये. भाकर, वरण, अंडी पोटभर खा, झोप मोडू नको. आणि लाइफ जॅकेटशिवाय, एकटा, धरणात कधीच जाऊ नको.