चॉकलेट देत नाही, तरी दात का किडले?

“आम्ही तिला चॉकलेट जवळजवळ देतच नाही, दात रोज घासून घेतो, तरीही चौथ्या वर्षीच पुढचे दात किडले. आमचे नेमके कुठे चुकले?” चार वर्षांच्या एका मुलीच्या आईने विचारलेला हा प्रश्न मी अनेक पालकांकडून ऐकते. दंतवैद्यांनी तपासणी करून उपचार ठरवले होते आणि आहाराविषयी बोलण्यासाठी या पालकांना माझ्याकडे पाठवले होते. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई स्वतःला दोष देत होती. वडिलांचे म्हणणे होते की, दुधाचे दात पडणारच आहेत, मग इतकी चिंता कशाला?

वडिलांच्या शंकेचे उत्तर आधी देणे मला आवश्यक वाटले. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, चावण्याचे काम करतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखतात. त्यांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्यामुळे कीड लवकर आत पोहोचते, आणि दुखऱ्या दातामुळे मुलाचे जेवण व झोप दोन्ही बिघडतात.

त्यानंतर मी त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितले: मुलीच्या तोंडात काय गेले, किती वाजता गेले आणि ते संपायला किती वेळ लागला. किती खाल्ले यापेक्षा वेळांची नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण पालक पदार्थ लक्षात ठेवतात, वेळा विसरतात. नोंदीतली जेवणे उत्तम होती. मात्र दोन जेवणांच्या मध्ये आजी प्रेमाने एकेक बिस्किट देत असे, दुपारभर फळांच्या रसाची बाटली मुलीच्या हाताशी असे आणि रात्री मध घातलेले दूध बाटलीने पीत पीत ती झोपी जात असे. साखरेऐवजी मध आणि शीतपेयाऐवजी रस दिला म्हणजे दात सुरक्षित राहतील, असे घरातल्या सगळ्यांना मनापासून वाटत होते.

दातांवरच्या थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि त्यांच्या दृष्टीने साखर, मध किंवा रस यांत फारसा फरक नसतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रस यांतील साखरही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजली आहे आणि अशी एकूण साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्य झाल्यास ५ टक्क्यांपेक्षाही कमी ठेवायला सांगितले आहे. आम्लता वाढून सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते आणि खनिजे परत मिळवून देते, पण तिला त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. दर थोड्या वेळाने रसाचा घोट घेणाऱ्या मुलीच्या लाळेला ही उसंत मिळतच नव्हती. झोपेत तर लाळ फारच कमी स्रवते, त्यामुळे गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती तासन् तास साचून राहते. तिचे नेमके तेच दात किडले होते.

आईला मी स्पष्ट सांगितले की, हे निष्काळजीपणामुळे घडलेले नाही. अपराधी भावनेने पालक एकदम सगळे बंद करतात, मूल आकांत करते आणि आठवड्याभरात सगळे पूर्ववत होते. म्हणून आम्ही रात्रीच्या बाटलीपासून सुरुवात केली, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. मध हळूहळू कमी करत बंद केला, दूध कपाने आणि दात घासण्यापूर्वी द्यायचे ठरवले आणि अंथरुणात फक्त पाणी ठेवले. पहिल्या काही रात्री रडारड झाली. त्या काळात वडिलांनी तिला गोष्टी सांगून झोपवण्याची जबाबदारी घेतली, आणि माझ्या मते योजना टिकली ती यामुळेच. रसाऐवजी अख्खे फळ आले. आजीचा आनंद हिरावून घ्यायचा नव्हता, म्हणून बिस्किट बंद न करता ते जेवणाबरोबरच द्यायचे ठरले, कारण त्या वेळी लाळ भरपूर असते. दात घासताना मुलीच्या हातातला ब्रश शेवटी मोठ्यांनी घ्यायचा आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरायची, हेही ठरले.

आहार बदलला तरी आधीच पडलेली भोके बुजत नाहीत. ती दंतवैद्यांनीच भरली. परंतु हिरड्यांलगतचे खडूसारखे पांढरे पट्टे ही किडीची सुरुवातीची खूण असते, ती या टप्प्यावर थांबवता येते, आणि पुढच्या तपासणीत ते पट्टे वाढलेले नव्हते. त्या भेटीत आईने धाकट्या बाळाविषयी विचारले, कारण त्याचा पहिला दात नुकताच आला होता. त्याला बाटली तोंडात ठेवून झोपवू नये, वर्षाच्या आत रस देऊ नये आणि त्या एका दातालाही दिवसातून दोनदा तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून मऊ ब्रशने घासावे, असे मी तिला लिहून दिले.