स्वतःच्या गोष्टी सांगून ब्लॉगवरून वस्तू विकल्या जातात का?

तुम्ही हाताने शिवलेल्या वह्या विकता, आणि ब्लॉगवर वैयक्तिक गोष्टी लिहिल्या तर खप वाढेल का, आठवड्याला किती पोस्ट टाकाव्यात, असं विचारलंय. गोष्ट वस्तूची असेल तर वाढतो. तुमची असेल तर लोक तुमचं कौतुक करतात आणि टॅब बंद करतात. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही, भागीदाराशी पाच वर्षं भांडून शिकलोय.

आम्ही दोघं पाठीवरच्या बॅगा बनवून ऑनलाइन विकायचो. ब्लॉग माझ्याकडे. सुरुवातीला मी बाबांच्या जुन्या बॅगेवर लिहिलं. त्यांची फिरतीची नोकरी, आणि ते घरी आले की आम्ही भावंडं त्यांच्याआधी बॅगेकडे धावायचो, वगैरे. पोस्ट तुफान फिरली. ‘डोळे पाणावले’ अशा कमेंटींचा पाऊस पडला. भागीदारानं वाचकांचा आकडा छापून भिंतीला चिकटवला. ऑर्डरी आल्या सात, त्यातल्या दोन नातेवाइकांच्या. एका बाईंनी मेल करून विचारलं, ‘तुमच्या बाबांची होती तशीच बॅग मिळेल का?’ आमच्या बॅगेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

दुसरी पोस्ट मी रागात लिहिली. बस पकडायला धावत होतो, पाठीवर आमचंच सगळ्यात महागडं मॉडेल. चेन लावलेली होती, पण रनरच्या (चेन लावताना ओढतो तो सरकता तुकडा) मागे ती उघडत गेली आणि चार्जर, मोजे, कागद सगळं रस्त्यावर. मागून येणाऱ्या माणसानं मोजा उचलून दिला, बॅगेवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘ही कंपनी घेत जाऊ नका.’ मी मान डोलावली.

त्या रात्री बॅग उलगडून बसलो. चेनचे दात धड होते. दात एकमेकांत बसवण्याचं काम रनर करतो, आणि वापरून वापरून त्याच्या वरच्या-खालच्या पात्या फाकतात. मग रनर पुढे सरकतो, पण दात धरत नाहीत. पक्कडीनं रनरच्या मागच्या कडा दोन्ही बाजूंनी अलगद, सारख्या दाबल्या की चेन पुन्हा लागते. अलगदच, कारण जास्त जोर दिला तर रनर मोडतो. हे सगळं फोटोंसकट लिहिलं, मोज्यासकट.

भागीदार भडकला. ‘आपल्याच मालाची बदनामी करतोस, वर दुरुस्ती शिकवतोस? जुनी बॅग नीट झाली तर नवी कोण घेणार?’ तीन दिवस आमचं बोलणं बंद. पण चेन बिघडलेली माणसं ती पोस्ट शोधत वर्षानुवर्षं येत राहिली. बहुतेक जण दुरुस्ती करून निघून गेले, जाऊ देत. काहींनी जोरात दाबून रनर मोडला आणि मला शिव्या घालून नवा रनर मागितला. म्हणून आम्ही सुटे रनर विकायला लागलो. पुढे बॅगेच्या ऑर्डरीत ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ या रकान्यात ‘चेनवाली पोस्ट’ हेच सगळ्यात जास्त वेळा दिसायचं. ‘बाबांची बॅग’ क्वचितच.

भागीदाराचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोन अमेरिकी लेखकांचा 2009 मधला प्रयोग. सरासरी सव्वा डॉलरला घेतलेल्या शंभरएक जुन्या फुटकळ वस्तूंना लेखकांकडून काल्पनिक गोष्टी लिहवून त्यांनी त्या ईबेवर विकल्या. सुमारे 129 डॉलरच्या मालाचे 3,600 डॉलर आले. ‘बघ, गोष्टीलाच पैसे मिळतात!’ अरे, पण गोष्ट काल्पनिक आहे हे तिथे सांगितलेलं होतं, आणि प्रत्येक वस्तू एकच होती. आपल्याला चारशे सारख्या बॅगा खपवायच्या होत्या. त्यापेक्षा जॉन डिअर बघ. नांगर विकणाऱ्या त्या कंपनीनं 1895 मध्ये शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढलं, त्यात शेतीची माहिती द्यायची, आणि ते अजून निघतं. (हे मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. कळलं फार उशिरा.)

तर तुमच्या वह्या. तुमची कुठली वही कुठे उसवली, दोरा बदलून काय फरक पडला, शाई मागच्या पानावर उमटली तेव्हा कागद कोणता होता, ते लिहा. त्यात तुम्ही आपोआप येता. आजीच्या डायरीवर लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण शेवटी सवलतीचा कोड डकवू नका. आणि घरच्यांना आधी विचारा. मी बाबांना विचारलं नव्हतं, ते चांगलेच चिडले होते.

आता कबुली. बाबांच्या पोस्टमुळे आमच्या मेलच्या यादीत बरीच नावं जमली, आणि त्यातल्या काहींनी पुढे खरेदी केलीही असेल. ते आम्ही मोजलंच नाही. शिवाय बॅग ही बिघडणारी वस्तू आहे, तुमच्या वह्या कदाचित माझ्या बॅगांइतक्या बिघडत नसतील.

आठवड्याला किती पोस्ट? आम्ही महिन्याला दोन टाकायचो. एक माझी आणि भांडणानंतर एक त्याची.